एक पेर माणूस

सिंधूकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या सामानाच्या टेम्पोमागे. सक्करदऱ्याला त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता. माझा नवरा आणि टेम्पोवाला कपाट उतरवण्यात गुंतले होते, आणि एक बुटक्या, सावळ्या, घट्ट अंबाडा घातलेल्या बाई मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल काढून उन्हाकडे धरून बघत होत्या.

"हे फेकणार आहे काय वं तू?"

"हो, कचराच आहे तो," मी म्हटलं.

"कचरा तू ठरवू नको. आधी मले दाखवत जा."

नाव, गाव, सासर-माहेर ही विचारपूस त्यानंतर झाली. पण या पहिल्या वाक्यात सिंधूकाकू ढोबळे जवळजवळ पूर्ण आल्या होत्या. पुढची काही वर्षं आमच्या घरातली कुठलीही वस्तू त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय घंटागाडीत पडली नाही. मी ऑनलाइन काही मागवलं की पार्सलवाला खालीच अडायचा. "मंजू, तुझा खोका आला," अशी हाक यायची. आतल्या वस्तूत त्यांना काही रस नसे.

हे सगळं चालायचं महालक्ष्म्यांसाठी. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. ढोबळ्यांच्या घरी त्या दोन मुखवट्यांच्या पुढे काकू देखावा मांडत. पाटाला पाट जोडून केलेला, समोरची अर्धी खोली व्यापणारा. संध्याकाळी दर्शनाला येणाऱ्या बायका देवीला हळदकुंकू वाहून लगेच खाली वाकायच्या, आणि मग तिथून त्यांना उठवावं लागायचं. एक वर्ष आठवडी बाजार होता, एक वर्ष रेल्वे स्टेशन, एक वर्ष संत्र्याचा बगीचा. त्यातलं काहीही विकत आणलेलं नसे. "विकतच आणायचं तं दुकान मांडा ना, देखावा कायले?" असं त्या म्हणत.

चहाचा चोथा धुऊन, वाळवून त्या माती करत. वाळलेल्या गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची, जाळी हिरव्या रंगात बुडवली की झाड. भांडी घासायची घासणी कापली की कुंपण. फाटलेल्या मच्छरदाणीच्या खिडक्या, झाडूच्या काड्यांची फाटकं, टिकल्यांची चाकं. ढोबळेकाकांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सरळ करून त्यांचं छपरावरचं चंदेरी टिन, म्हणजे पत्रा, व्हायचं. बगीच्यातली संत्री म्हणजे मसुराची डाळ होती, एकेक दाणा सुईच्या टोकाने चिकटवलेला. त्याच वर्षी नदीच्या काठाला त्यांनी रवा पसरला, आणि ऐन पूजेच्या दिवशी मुंग्यांनी तो काठ रांगेने उचलून नेला. काकू शांतपणे बघत होत्या. मग म्हणाल्या, "नेऊ द्या. दिसून तं खरंच राहिलं." रांगेतल्या मुंग्या त्यांना बाजाराला निघालेल्या माणसांसारख्या वाटत होत्या.

तलावासाठी लोक आरसा ठेवतात. काकूंना ते पसंत नव्हतं. "आरशात पाणी नाही दिसत, आपलंच तोंड दिसते." त्यांनी काकांच्या छातीचा जुना एक्स-रे घेतला, खाली हिरव्या साडीचा तुकडा अंथरला, आणि संध्याकाळचा सक्करदरा तलाव हुबेहूब तयार झाला. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "माझ्या छातीवर नावा चालवून राहिली ही."

माप त्यांचं स्वतःचं होतं. माणूस म्हणजे बोटाचं एक पेर. दार दीड पेर, विजेचा खांब पाच. खरं घर मोजायचं तर त्या खिडकीत उभ्या राहून एक डोळा मिटायच्या, हात लांब करून बोट उभं धरायच्या आणि ओठांत काहीतरी पुटपुटायच्या. समोर नवीन राहायला आलेल्या एका माणसाला वाटलं, बाई आपल्याला काही खुणावतात. तो भांडायला आला. काकूंनी त्याला आत बसवून चहा दिला आणि त्याच्याच घराचं खोक्याच्या पुठ्ठ्याचं दार दाखवलं. जाताना तो घरातले फ्यूज उडालेले बल्ब आणून द्यायचं कबूल करून गेला.

काकूंना लाज म्हणून नव्हती, असं काका म्हणत. लग्नाच्या रिसेप्शनमध्ये त्या आइस्क्रीमचे लाकडी चमचे गोळा करून रुमालात बांधायच्या. पंगतीतल्या कोणाच्या ताटाशेजारी पडलेली दात कोरायची काडीही सोडायच्या नाहीत. काका अशा वेळी चार पावलं पुढे, अनोळखी असल्यासारखे चालायचे. घरी आल्यावर म्हणायचे, "थोडी तरी लाज ठेवत जा बाप्पा." काकू म्हणायच्या, "लाज कायची? चोरलं काय मी? पाहून उचललं."

पाहणं हा त्यांचा गुण होता. गल्लीत कोणाच्या कठड्याचा कोपरा उडाला आहे, कोणत्या गटाराचं झाकण तिरपं बसतं, कोणाकडे दोरीवर कपडे उलटे वाळत घालतात, हे त्यांना न बघता सांगता यायचं.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळबांड्यांच्या घराची बाजू दिसायची. रमेशभाऊ काळबांड्यांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. जुनं कौलारू घर पाडून त्यांनी तीन मजली बांधलं होतं, ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि स्टीलचे कठडे असलेलं. खाली गाड्या आणि भांड्यांचं गोदाम. त्या गोदामाला लागून टिनाची एक छपरी होती आणि तिच्यात रमेशभाऊंचे वडील, आबाजी, राहायचे. बांधकाम चालू असताना त्यांची खाट तिथे टाकली होती. बांधकाम संपलं, वास्तुपूजन झालं, खाट तिथेच राहिली. विचारलं तर अर्चनावहिनी, म्हणजे रमेशभाऊंची बायको, सांगायच्या, "त्यांना जिना चढवत नाही हो." ते खरंच होतं. गुडघे गेलेच होते त्यांचे. म्हणून पुढे कोणी काही विचारत नसे.

आबाजी आणि काकू यांची दोस्ती काड्यापेट्यांवरून झाली. आबाजी बिडी ओढायचे आणि रिकाम्या पेट्या काकूंसाठी साठवून ठेवायचे. पिशवी भरली की काठी टेकत फाटकापर्यंत यायचे. "सिंधूबाई, घ्या, घरं आणली," म्हणायचे. आधी दुकान तेच सांभाळायचे. भांड्यांच्या पेटाऱ्यात भरून येणाऱ्या गवतापासून गंजी कशी करायची हे काकूंना त्यांनीच दाखवलं होतं. फाटकाशी उभं राहून दोघं बराच वेळ बोलायचे. छपरीपर्यंत मात्र काकू कधी गेल्या नाहीत. तसं गल्लीतलं कोणीच गेलं नव्हतं, आम्हीही नाही.

मग एका वर्षी काकूंनी जाहीर केलं, "यंदा आपली गल्ली करतो."

गल्लीला आनंद झाला. ग्रुपवर निरोप फिरले. लोक स्वतःहून येऊन आपल्या घराबद्दल सूचना देऊ लागले. कोणाला नवी गाडी दारात हवी होती, कोणाला तुळशीवृंदावन. अर्चनावहिनी काकूंकडे आल्या, सोबत गॅलरीचा फोटो घेऊन. "काकू, आमची ग्रिल नीट घ्या बरं. कमळाची डिझाइन आहे." त्यांच्या मुलीचं लग्न अमरावतीला ठरत आलं होतं आणि पाहुणे त्याच दिवसांत यायचे होते. काकूंनी ती कमळं पातळ तारेची केली. एकेका कमळाला त्यांना बराच वेळ लागला.

मी संध्याकाळी कामावरून आले की थोडा वेळ त्यांच्याजवळ बसायची. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्यावर गोळ्यांच्या पाकिटाचा कागद दाबून त्या छपरीचं टिन करत होत्या. मधूनमधून खिडकीशी जायच्या, बोट उभं धरायच्या, परत यायच्या. टिनाला जिथे पोचा होता तिथे त्यांनी नखाने पोचा पाडला. आइस्क्रीमच्या चमच्याची खाट केली. खाटेवर काडीला कापूस गुंडाळून, पांढरी चिंधी नेसवून एक पेर माणूस बसवला. गुडघे जवळ घेतलेला.

"यांनाही ठेवणार?" मी विचारलं.

"असते ना तिथं तो. मग?" त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुसरं काही नव्हतं. जसं गटाराचं झाकण तिरपं, तसे छपरीत आबाजी. आजही मला असंच वाटतं की त्यांच्या मनात कोणाला धडा शिकवायचं नव्हतं. त्या जे दिसलं ते करत होत्या. त्यांनी स्वतः मात्र नंतर हे कधी मान्य केलं नाही.

पूजेच्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बायका आपापली घरं शोधून हसत होत्या, मोबाइलवर फोटो काढत होत्या. कोणाची ओढणी दोरीवर ओळखू येत होती. मी दारापाशी प्रसादाच्या पुड्या देत होते. तेवढ्यात अर्चनावहिनी आल्या, जरीची साडी नेसून, सोबत अमरावतीच्या होणाऱ्या विहीणबाई. त्यांनी हौसेने आपलं घर दाखवलं. विहीणबाईंनी कमळाच्या ग्रिलचं कौतुक केलं, जिन्याच्या पायऱ्या बघितल्या, आणि मग अगदी सहज विचारलं, "अन् हे खाली कोण बसलं आहे? चौकीदार ठेवला काय तुम्ही?"

अर्चनावहिनींनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो. चौकीदार आहे."

त्याच वेळी माझ्या बाजूला आबाजी उभे होते. धुतलेला सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी. आपल्या पेट्यांची घरं बघायला ते काठी टेकत आले होते आणि बायकांची गर्दी पाहून दारातच थांबले होते. विहीणबाईंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. मुलीचे आजोबा गावाकडे शेतावर असतात, असं त्या घराला सांगितलेलं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं.

आबाजींनी दारातूनच वाकून देखावा पाहिला. खाट पाहिली. मग कोणी काही बोलायच्या आत तेच बोलले, अगदी चारचौघांत बोलावं तसे. "हो, चौकीदारच आहे तो. जुना माणूस आहे. कुठं जाईल आता?"

विहीणबाई म्हणाल्या, "बरं केलं, जुनी माणसं सांभाळावीच."

आबाजींनी महालक्ष्म्यांना लांबूनच हात जोडले. माझ्या हातातून पुडी घेतली आणि गेले. काकू हळदकुंकवाचा करंडा धरून समोरच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आमच्यापैकीही कोणी नाही. मग कोणीतरी आरतीचं ताट पुढे केलं आणि बायका पुन्हा बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी काकू डब्यात पुरणपोळी घेऊन पहिल्यांदा त्या छपरीत गेल्या. त्यांना चक्कर येत होती म्हणून मी सोबत होते. आबाजी खाटेवर बसले होते. त्यांनी डबा घेतला नाही.

"काहून ठेवलं मले तिथं?" त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "तुम्ही असता ना इथं, आबाजी."

"असतो. मले माहीत आहे. पोराले माहीत आहे. घरातली गोष्ट होती. नातीच्या सासूसमोर मले खोटं बोलायले लावलं तुम्ही."

"मी नाही लावलं..."

"तुम्ही बोलल्या असत्या तं मले बोला लागलं नसतं. बोलल्या नाही तुम्ही. आता जा."

काकू डबा घेऊन परत आल्या. घरी आल्यावर त्यांनी खाटेवरचा तो कापसाचा माणूस उचलला आणि कितीतरी वेळ हातात धरून बसल्या. विसर्जनाची वाट न बघता त्यांनी सगळी गल्ली मोडली. दरवर्षी घरं सुटी करून पुढच्या वर्षासाठी ठेवायच्या. त्या वर्षी सगळं पोत्यात गेलं. पोतं त्यांनी स्वतः घंटागाडीत टाकलं.

गोष्ट इथे थांबली नाही. देखाव्याचे फोटो गल्लीच्या ग्रुपवर होतेच. कोणीतरी छपरीचा फोटो मोठा करून टाकला, खाली लिहिलं, "डोळे उघडणारा देखावा." लोकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. रमेशभाऊंनी आठवडाभरात चार माणसं बोलावली, आबाजींना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर नेलं आणि छपरी काढून टाकली. वरची खोली चांगली होती. पंखा, कूलर, चकचकीत फरशी. गल्ली खूश झाली. बायका येऊन काकूंना सांगू लागल्या, "तुमच्यामुळे म्हातारा वर गेला." काकू ऐकून घ्यायच्या आणि उठून आत जायच्या.

कारण आबाजी वर गेले ते गेलेच. जिना त्यांना खरोखरच चढता-उतरता येत नव्हता. फाटक नाही, बिडी नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याशी बोलणं नाही. खिडकी मागच्या बाजूला, समोर दुसऱ्या घराची भिंत. काकूंच्या स्वयंपाकघरातून आता फक्त भिंतीवरची टिनाची खूण दिसायची. आपल्या त्या खिडकीला त्यांनी जुन्या साडीचा पडदा लावला. काका मला हळूच म्हणाले, "हिच्यात लाज नाही म्हणत होतो मी. आता पाहा, बाहेर निघत नाही ती."

दिवाळी झाल्यावर एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "चाल माझ्यासोबत. एकटीनं जाववत नाही."

आम्ही काळबांड्यांकडे गेलो. अर्चनावहिनी एकट्याच होत्या. काकू बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "अर्चना, त्या दिवशी ते आबाजी आहेत असं मी म्हणायले पाहिजे होतं. मी म्हटलं नाही. ते सांगायले आली."

अर्चनावहिनी हातातली साडी घडी करत होत्या. घडी पूर्ण केली, बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "त्या दिवशीचं सोडा, काकू. मी बोलली ते माझ्या तोंडातून गेलं, ते मलेच निस्तरायचं आहे. पण तुम्ही मले सांगा, इतकी वर्षं तुम्ही खिडकीतून पाहून राहिल्या ना? टिनाचा पोचासुद्धा घेतला तुम्ही. खाट बोटानं मोजली. एकदा घरी येऊन मले म्हटलं असतं, अर्चना, हे बरं नाही दिसत. म्हणायले काय झालं होतं? तुम्ही मोठ्या होत्या. मी चिडली असती. पण ऐकलं असतं."

अर्चनावहिनींचे डोळे भरून आले होते, पण आवाज चढला नव्हता. काकूंनी मान हलवली. "मले दिसत होतं," त्या म्हणाल्या. "दिसलं म्हणजे झालं, असंच वाटत आलं मले."

मग काकूंनी विचारलं, "वर जाऊ काय त्यांच्याजवळ?"

"जा. पण ते बोलत नाहीत. आमच्याशीही नाही."

आबाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकू खुर्ची ओढून बसल्या, थोड्या वेळाने उठल्या आणि म्हणाल्या, "उद्या येते."

तेव्हापासून त्या रोज दुपारी जायच्या. जाताना सोबत निवडायची भाजी न्यायच्या. आबाजी तोंड फिरवून पडायचे. काकू तरी बोलत राहायच्या. पुढच्या भाद्रपदात महालक्ष्म्यांपुढे नुसती रांगोळी होती. दर्शनाला आलेल्यांनी विचारलं तर काकू म्हणाल्या, "हात दुखते." दुपारी पूजा आटोपून त्या वर जाऊन आल्या होत्याच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही हुडकेश्वरला आमचं स्वतःचं घर घेतलं. सामान बांधून झालं तेव्हा मी निरोप घ्यायला खाली गेले. काकू घरात नव्हत्या. कुठे असतील ते माहीत होतं.

मी काळबांड्यांच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. आबाजी नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून होते. काकूंच्या मांडीवर मेथीची जुडी होती. त्यांनी मला नजरेनेच बसायला सांगितलं आणि बोलणं चालू ठेवलं. खाली रस्त्यावर काय चाललं आहे ते त्या सांगत होत्या. समोरच्यांनी फाटकाला निळा रंग दिला, म्हणाल्या. मी चमकले. फाटक हिरवं होतं, मी आत्ताच पाहून आले होते. मी तोंड उघडणार तोच काकूंनी माझा हात दाबला.

"कोपऱ्यावरचं कडुलिंबाचं झाड तोडलं," त्या पुढे म्हणाल्या. तेही खोटं होतं. मेथीची पानं खुडत त्यांनी आणखी दोन-तीन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. ज्या बाईला न बघता गटाराचं झाकण सांगता यायचं, ती एकामागून एक चुकत होती, आणि खाटेवर काहीच हालचाल नव्हती.

"अन् तो दूधवाला, भोलाराम, आताही त्याच लाल मोटरसायकलवर येते."

मग भिंतीकडून, अंगावरचं पांघरूणही न हलवता, आवाज आला. "काळी आहे त्याची. लाल त्याच्या भावाची होती."

काकूंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, वर पाहिलं नाही. डोळे मेथीवरच ठेवून म्हणाल्या, "हो काय? मग माझंच चुकलं, आबाजी."

आणि पुन्हा पानं खुडू लागल्या.